मुरडपेठचा हाकेचा बांध

मुरडपेठेला यायचं तर बुधवारी यावं. बाकीचे दिवस ते गाव असतं, बुधवारी पेठ असते. पोराबाळांना घेऊन आलात तर इथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे. कांदळवनातून फिरवून आणणारी होडी आहे, जांभ्याची पडकी गढी आहे, बाजारात आल्याची खाजी आहेत आणि ओहोटीला चिखलावर एकच लाल नांगी नाचवणारे खेकडे आहेत. पण मुलं घरी परतल्यावर महिनाभर ज्याची नक्कल करत बसतात, ते यातलं काहीच नाही. ती नक्कल असते हाकेच्या बांधाची.

पेठेचा उतार संपतो तिथे, अगदी खाडीकाठी, एक चौथरा आहे. त्यावर लाकडी चौकटीला भलीमोठी तागडी टांगलेली दिसेल. तिची दोन्ही पारडी पितळी आहेत. एक गुळगुळीत, दुसरं पोचे पडलेलं. चौथऱ्याच्या पायथ्यापासून दगडांचा बांध खाडीत उतरतो आणि पल्याडच्या देवघळी गावाला जाऊन लागतो. भरतीला तो पाण्याखाली असतो, ओहोटीला वर येतो. पलीकडून येणारा माणूस बांधावर पाय टाकण्याआधी हाक देतो, "ओऽ दी रे!" आणि चौथऱ्यावरून कोणीतरी "ओऽ" देतं. ओ आली नाही तर पाय टाकायचा नाही. आणि ज्याने ओ दिली त्याने, येणारा काठाला लागेपर्यंत, जागचं हलायचं नाही.

ही रीत कशी पडली, ते पेठेतले जुने लोक सांगतात. काळ विचाराल तर कोणी एक सांगतो, कोणी त्याच्याही मागे नेतो. तारखेवरून घासाघीस करू नये. माल खरा आहे.

देवघळीत म्हणे दोन वाणी भाऊ होते, थोरला गुणाशेट आणि धाकटा सोमशेट. कोकमाची सोलं, गूळ, सुपारी डोक्यावर घ्यायची, बुधवारी बांध ओलांडायचा आणि पेठेतल्या वडाखाली कापडी पाल टाकायचं, असा धंदा. गुणाची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली. शेंडी तुटलेला नारळ तो "याची मुंज व्हायची आहे अजून" म्हणून खपवायचा. एकदा एक गिऱ्हाईक कुबट सुपारी परत करायला आलं, ते जाताना ती सुपारी तर घेऊन गेलंच, वर अडकित्ताही विकत घेऊन गेलं, असं सांगतात. सोमा बोलायला कमी. पण त्याने तागडी धरली की तिची दांडी थरथरत नसे.

बाप वारला आणि वाटण्या झाल्या. घर वाटलं गेलं, माड वाटले गेले. घोडं अडलं ते बापाच्या तागडीवर. तिच्या मापावर सगळ्या पेठेचा विश्वास. गुणा म्हणाला, थोरल्याची. सोमा म्हणाला, "तुका जीभ आसा, माका तागडी तरी ऱ्हवांदे." पंच समजावून थकले. शेवटी एक पारडं याने नेलं, एक त्याने नेलं, आणि दांडी पंचांच्या पडवीत धूळ खात पडली. एका पारड्याने जगात काही तोललं जात नाही, हे दोघांनाही कळत होतं. पण वाटणी म्हणजे वाटणी!

गुणा बिऱ्हाड हलवून पेठेत राहायला आला. बुधवारी वडाच्या एका अंगाला याचं पाल, दुसऱ्या अंगाला त्याचं, आणि दोघेही उसन्या तागड्यांवर तोलत. एका बाजाराला सोमा गिऱ्हाइकाला म्हणाला, "थंय बोलणां फुकट गावता. माल घेवचो तर हयसर ये." अख्ख्या वडाखाली हशा पिकला. गुणा ताडकन उठला तो थेट मुरडाईच्या देवळात. गुरवाला साक्षी ठेवून त्याने देवीसमोर हात जोडले. "आई मुरडाये, सोम्याशी मी पुन्हा बोललो, त्याच्या हाकेला ओ जरी दिली, तर माझी वाचा तू घे."

गुरव पुनाजी म्हातारा, बरेच पावसाळे बघितलेला माणूस. तो म्हणाला, "देवीक दिलेला परत गावणा नाय, शेटानू. इचार करा."

"केलो इचार," गुणाशेट म्हणाला.

घरी त्याची बायको आवडी कपाळावर हात मारून बसली. "जीभ गहाण ठेवून इलात? वाण्याच्या घरात दुसरा काय आसा?"

गुणा हसला. ज्याच्याशी बोलायचंच नाही, त्याच्याशी न बोलण्यात कसला तोटा? असा बिनतोट्याचा सौदा आयुष्यात जमला नव्हता, असं त्याला वाटलं. शपथेची गोष्ट गुरवाकडून बाजारभर झाली आणि सोमाच्याही कानी गेली.

मग पौषातली अवस आली, आणि तीही बुधवारी. गुणा पहाट फुटल्यावर खाडीकाठी येऊन पारडं घाशीत बसला होता. दर बाजाराला तो ते वाळूने लखलखीत करून पालासमोर ठेवायचा, सोमाच्या डोळ्यांत भरावं म्हणून. त्या दिवशी धुकं असं उतरलं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. पाणी मात्र ऐकू येत होतं. अवसेची भरती, तिला उधाणाचा जोर. ओहोटी संपून पाणी फिरलं होतं आणि दगडांच्या फटींतून चुळुक चुळुक करत वर चढत होतं.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"कोण आसा रे थंय? ओऽ दी रे!"

गुणाचे हात थांबले. एका आईच्या पोटातला आवाज, तो ओळखायला डोळे लागत नाहीत. सोमा बांधावर होता. नाही, बांधावर असता तर हाक कशाला मारली असती? बांध सुटला होता त्याचा. आजूबाजूला नुसता रेंदा. पाय रुतला की माणूस आपल्याच वजनाने खाली जातो.

देईल कोणीतरी ओ, असं गुणाच्या मनात आलं. त्याने कान दिला. काठावर कोणी नव्हतं. वरच्या अंगाला पेठेत पालं ठोकण्याचे आवाज, बैलांच्या घुंगुरमाळा, माणसांचा कालवा. खाडीतली हाक तिथवर पोचणार नव्हती. वर धावत जाऊन कोणाला आणावं? त्याने पाण्याकडे पाहिलं. मघाशी ज्या दगडावर वाळू ठेवली होती, तो दगडच दिसत नव्हता.

"वाट गावणा नाय रे! पाणी घोट्यार इला!"

गुणाचं तोंड उघडलं आणि त्याने ते हाताने दाबून धरलं. वाचा गेली तर उद्या पालात बसून करायचं काय? मुक्या वाण्याकडून कोण काय घेणार? आवडीने खायचं काय? आणि गप्प राहावं तर खाडीत आपलं रक्त बुडतंय.

शेवटी तो वाणीच. अडचणीतून फट शोधणं त्याच्या हाडात मुरलेलं. बोलायचं नाही असं ठरलंय, वाजवायचं नाही असं कुठे ठरलंय? त्याने दगड उचलला आणि पारड्यावर हाणला.

ठण्ण!

"आयकलंय! येतंय!" सोमाचा आवाज एकदम हुशारला.

गुणाला हायसं वाटलं. देवीचा शब्द राहिला आणि भाऊही वाचला. तो घाईघाईने वाजवू लागला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आणि मग सोमाची पुढची हाक आली ती डावीकडून. त्याच्या पुढची त्याहून डावीकडून, त्याहून लांबून.

डाव्या अंगाला जांभ्याचा उभा कडा होता. पारड्याचा नाद त्या कड्यावर आपटून परत येत होता आणि सोमा त्या परतलेल्या नादामागे चालला होता. कड्याच्या पायथ्याशी खाडीचा डोह. तिथे भर ओहोटीतही बांबू टेकत नाही. गुणाने जितकं जोरात वाजवावं, तितका सोमा लांब जात होता.

त्याने दगड टाकून दिला. खाडी एकदम गप्प झाली.

मग सोमा ओरडला, पण आता त्याचा सूर निराळा होता.

"दादा! पारडां आपल्या बापाशीचां मरे! तूच आसस थंय!" धाप लागली होती त्याला. "दादा, तू ओ दिव नको! शपथ आसा तुजी! दुसऱ्या कोणाक तरी बोलाव!"

छातीभर पाण्यातला माणूस काठावरच्याची वाचा जपत होता. आणि त्यानंतर धुक्यातून एकच ठोका आला. ठण्ण. सोमाने डोक्यावरची सोलांची पाटी सोडली होती, पण बाजाराला आणलेलं आपलं पारडं सोडलं नव्हतं. सारख्याच पितळेची दोन पारडी, वाटणीनंतर पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. मग पाण्याचा गुळगुळ आवाज झाला.

गुणा उठला. पायाला ओळखीचे असलेले बांधाचे दगड चाचपत तो तसाच पाण्यात शिरला आणि त्याने छाती फुटेस्तोवर ओ दिली.

"ओऽऽऽ!"

पितळेचा नाद चहूकडे पसरतो. माणसाचा आवाज ओळखीच्या कानात सरळ शिरतो. निदान त्या दिवशी तरी तसं झालं म्हणे. सोमा वळला. गुणा एक पाऊल पुढे टाके आणि ओ देई. पाणी मांडीला लागलं, कमरेला लागलं, तरी तो पुढे जात राहिला आणि ओ देत राहिला, मध्ये श्वासापुरताही खंड नाही. शेवटी धुक्यातून एक चिखलाने भरलेला हात पुढे आला. गुणाने तो धरला.

काठावर येऊन दोघे आडवे पडले. सोमाला ओकाऱ्या झाल्या, मग रडू आलं, मग हसू आलं. "दादा, बोल मरे कायतरी," तो म्हणाला.

"ओ," गुणा म्हणाला.

"आता कित्याक ओ? मी इलंय!"

"ओ."

सोमाला आधी थट्टा वाटली. मग त्याने भावाच्या डोळ्यांत पाहिलं. गुणा ओठ हलवत होता, गळ्याच्या शिरा ताणत होता, आणि बाहेर येत होती ती एवढी एकच ओ.

सोमा ओल्या अंगानेच त्याला देवळात घेऊन गेला. पुनाजी गुरवाने देवीला कौल लावला. इकडे कौल म्हणजे मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालायचं; उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. "दादाची वाचा परत दी," सोमाने मागितलं. डावीकडची पडली. "तर मग माजी घे नि तेका दी." पुन्हा डावीकडची. आवडी पदर तोंडात धरून उभी होती, ती पुढे झाली आणि म्हणाली, "आये, शपथ सगळ्या वाचेची होती. मगे ही ओ मागे कशी ऱ्हवली? ती तुयाच दिलंस ना?"

उजवीकडची कळी पडली.

त्यानंतर पंचांच्या पडवीतली दांडी आली, दोन पारडी तिला लागली आणि वडाखाली एकच पाल उभं राहिलं. भाव सांगायचा सोमाने, तोही अडखळत. गिऱ्हाईक मग गुणाकडे बघे. गुणाने "ओ" म्हटलं की माप खरं. आयुष्यभर बोलून जेवढा माल गुणाने विकला नसेल, तेवढा त्या एका ओच्या जोरावर विकला, असं पेठेतले वाणी अजून सांगतात, आणि त्यात आपल्या नोकरांना थोडं शिकवायचंही असतं.

बाजाराच्या दिवशी ओहोटी असेल तेव्हा मात्र गुणा पालात नसे. तो खाडीकाठच्या दगडावर बसून पलीकडून येणाऱ्या प्रत्येकाला ओ देई. तो गेल्यावर सोमा बसू लागला. सोमा गेल्यावर त्या दगडाचा लोकांनी चौथरा बांधला आणि तागडी तिथे टांगली. दगडाचे घाव बसून पोचे पडलेलं पारडं ते गुणाचं.

आजही मुरडाईचा गुरव सगळ्या शपथा घेऊ देतो. अबोल्याची शपथ तेवढी घेऊ देत नाही. आजही बुधवारी सुट्टीतली मुलं बांधाच्या दोन टोकांना उभी राहून घसा बसेपर्यंत हाका मारतात, आणि आईबापांना वाटतं, खेळ चाललाय. खेळ तर खेळ. पण पौषात कधी धुकं उतरलं आणि खाडीतून हाक आली, तर मुरडपेठेत तराजूत माल असलेला माणूस तो तसाच टाकून उताराला धावतो. हाक मारणारा कोण, कुठला, आपल्याशी बोलतो की नाही, हे काठावरून विचारायचं नाही. आधी ओ द्यायची. नाव तो वर आल्यावर कळतंच.