गाळणीतला चोथा

“आणि नागनाथकाका दिवसातून किती वेळा कुस्त्या बघायला जातात, सांगू का माई?” सुयोगनं विचारलं.

माईंनी स्टोव्हवरचं चहाचं पातेलं उतरवलं.

“आधी खोल्यांचं सांग.”

भागीरथीमाईंच्या मठाला कचेरी होती आणि कचेरीत तीन कॉम्प्युटर. यात्रेकरूंच्या खोल्या तिथूनच नोंदवल्या जात. पण तिथं काम करणारी नागनाथकाका, यसुमावशी आणि दिनकरराव ही तिघं व्हिडिओ बघत बसली की नोंदणी अडायची आणि माणसं फाटकाशी ताटकळायची. सुयोग दीक्षा मागायला आला, तेव्हा माई एवढंच म्हणाल्या होत्या, “हे नीट कर. मग बघू.”

त्यानं केलं. मध्ये एक वेगळा कॉम्प्युटर बसवला, प्रॉक्सी सर्व्हर. तिघांनी मागितलेलं इंटरनेटवरचं प्रत्येक पान आधी त्याच्याकडे जाई. कामाचं असलं तर तो पुढे सोडी, नसलं तर अडवी.

“खोल्या आता चुटकीसरशी मिळतात, माई.”

“गुणाचं पोर!”

“पण खरी गंमत पुढेच आहे.” सुयोगनं छापून आणलेल्या कागदांची चळत माईंपुढे ठेवली. “कोणी काय मागितलं, सगळं टिपलंय. मिनिटासकट! यसुमावशी साड्या बघतात. दिनकररावांना या वयात मोटारसायकल हवीय!”

ओसरीवर ती तिघंही चहाची वाट बघत बसली होती. माना खाली गेल्या.

माई कप मांडून चहा गाळू लागल्या. एक कप. दुसरा. तिसऱ्याला गाळणी चोथ्यानं भरली, धार थेंबावर आली.

“माई, गाळणी झटका.”

“कशाला? बघ की, किती जपून ठेवलंय तिनं!”

त्या ओततच राहिल्या. चहा गाळणीच्या काठावरून उतू गेला, तो थेट कागदांवर.

“अगं बाई, साड्या भिजल्या माझ्या!” यसुमावशींना हसू आवरेना.

“माझी मोटारसायकलही वाहून गेली,” दिनकरराव म्हणाले.

सुयोग कानापर्यंत लाल झाला. कागदांकडे बघत राहिला...

मग उठून आत गेला. पानं अडवणं चालू ठेवलं, टिपणं बंद केलं. होतं नव्हतं ते सारं पुसलं. परत येऊन त्यानं माईंच्या हातातली गाळणी घेतली, अंगणातल्या जाईच्या वेलाच्या बुडाशी झटकली आणि तिसरा कप गाळून नागनाथकाकांना दिला.

“काका... परवाची कुस्ती कोणी मारली?”

“मेल्या, बघू कुठं दिलीस तू!”

ओसरी हसून दणाणली. सुयोग तर पोट धरून खालीच बसला.

हसणं ओसरल्यावर माई म्हणाल्या, “तू काहीतरी मागायला आला होतास ना रे?”

“मी?...” त्याला आठवायला वेळ लागला. “हां... दीक्षा.”

माईंनी चौथा कप त्याच्यापुढे सरकवला.

“ती झाली मघाशीच. चहा घे, निवतोय.”