भर दुपारचा मान

कोल्हापूरकडच्या एका गावात तात्यासाहेब इंगवले दरवर्षी शाळांची फुटबॉल स्पर्धा भरवत. माणूस दिलदार, आल्यागेल्याला पोटभर मिसळ खिलवणारा. पण सामने लावायला बसले की स्वतःची शाळा थेट उपांत्य फेरीत, तीही संध्याकाळच्या गार वाऱ्यात! माळवाडीच्या पोरींना मात्र भर दुपारी सामना, आणि जिंकल्या तर लगेच दुसरा.

माळवाडीच्या मुल्लाणी मॅडम तक्रार घेऊन गेल्या. तात्यासाहेब मिशीत हसले. "अहो मॅडम, उन्हात खेळून पोरी कणखर होतात. लागोपाठ खेळून दम वाढतो. तुमच्या भल्याचंच केलंय!"

"तेच म्हणते मी," मॅडम म्हणाल्या. "एवढा फायदा पाहुण्यांनी लाटायचा आणि तुमच्या पोरी कच्च्या राहायच्या, हे मनाला पटेना. आमची जागा तुमच्या शाळेला द्या. आम्ही बसतो सावलीत."

मंडपात खसखस पिकली. तात्यासाहेबांनाही हसू आवरेना. "टाका चिठ्ठ्या!" ते ओरडले.

चिठ्ठीत भर दुपार नेमकी त्यांच्याच शाळेला आली. तात्यासाहेब घाम पुसत मैदानाकडेला उभे राहिले. मॅडमनी त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला.

"घ्या, तात्यासाहेब. कणखर होताना घसा कोरडा पडतो."