कानातलं गाव आणि लिंपलेल्या झडपा

फार फार पूर्वी एका नगरात दोरीवरून चालणारी एक बाई होती. तिच्या कानात, अगदी आत, हाडाच्या तटबंदीमागे एक गाव होतं. कानात कुठलं आलंय गाव, असं विचारू नका, गोष्टीत असतं.

गावभर पाणी होतं आणि त्यात केसाहून बारीक गावकरी उभे असत. बाई कलली की पाणी हले, पाण्याबरोबर गावकरी वाकत आणि मेंदूकडे निरोप धाडत, “डावीकडे गेलीस, सावर!” त्या निरोपांच्या भरवशावर बाई दोरीवर टिकून होती.

गावाला नवी पाटलीण मिळाली. मोठी चौकस. हिंडता हिंडता ती गावाच्या टोकाला आली. तिथे एक पिशवी हळूहळू फुगत होती आणि शेजारी एक म्हातारी बसली होती.

“आजी, ही कशानं फुगते?”

“पाण्यानं गं. गावात रोज नवं पाणी झिरपतं ना!”

“मग फुटत नाही?”

“फार ताणली की या कौलांसारख्या झडपा सरकतात. थोडं पाणी बाहेर जातं, की पुन्हा मिटतात. पाण्यातून घाण आलीच, तर मी इथेच धरून गिळून टाकते.”

पाटलीण ‘बाहेर जातं’ या शब्दांपाशीच अडली. “म्हणजे गाव गळतंय, आणि तू मांडी घालून बघतेस!”

पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. वेशीवरून मेण आणवलं, कानातला मळ म्हणजे मेणच, त्याला काय तोटा, आणि झडपा लिंपून टाकल्या. म्हातारी “अगं, ऐक तरी” म्हणत राहिली.

दोन दिवस पाटलीण खुशीत होती. गाव कसं काठोकाठ भरलं होतं!

तिसऱ्या दिवशी जत्रा होती. बाई दोरीवर चढली. ती सरळच उभी होती, पण दाटलेल्या पाण्याने गावकरी आडवे झाले आणि ओरडू लागले, “पडलीस! पडलीस!” बाई उगाच सावरायला गेली आणि खरोखरच डगमगली. गाव गरगरलं. बाई पडली असती तर गावही उरलं नसतं.

पाटलीण धावतच टोकाला गेली. “आजी, पाणी सोडलं नाही तर काय होतं?”

“कळतंय की आता! खरवड आधी!”

दोघींनी नखांनी मेण खरवडलं. झडपा सरकल्या, पाणी सुटलं, आणि पुरेसं सुटताच त्या आपोआप मिटल्या. बाईने हातातली काठी आडवी धरली आणि दोरी पार केली.

पण बारीक आवाज टिपणारे काही गावकरी वाकले ते वाकलेच. त्यानंतर बाईला रातकिड्यांची किरकिर कधीच ऐकू आली नाही. पाटलिणीला ते फार लागलं. ती रोज म्हातारीजवळ येऊन बसू लागली आणि मेणाला तिने पुन्हा हात लावला नाही.

एवढं ध्यानात ठेवावं: जे थोडं सोडून देतं तेही राखणच करत असतं, म्हणून ते का सोडतं हे विचारल्याखेरीज त्याचं तोंड बंद करू नये.