गुळव्याची वाटी

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक गुळव्या होता. गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीपुढे उभं राहून गूळ कधी पिकला ते सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो 'उतरवा' म्हणेपर्यंत मालकालाही काहिलीला हात लावता येत नसे. आणि केरबाचा अंदाज कधी चुकत नसे.

त्या गावाची एक रीत होती. हंगाम संपला की गुळव्याला गुऱ्हाळाच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाएवढा गूळ घालायचा आणि तो गूळ देवीपुढे ठेवून घरोघर वाटायचा. साहजिकच गावाला गुळव्या भरदार आवडायचा. केरबाने गावाची कधी निराशा केली नव्हती. गेल्या साली त्याच्यासमोर तीन मोठ्या ढेपा ठेवूनही पारडं हललं नव्हतं. वर नारळाएवढ्या नऊ भेल्या लागल्या होत्या. आणि त्याला पारड्यातून उठवायला चार माणसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत केरबाचं हौसाशी लग्न झालं. हौसा बोलायची कमी आणि बघायची जास्त. नवऱ्याला मधुमेह आहे, हे तिला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. तिने मान डोलावली होती. पण आजार म्हणजे काय, ते तिला हंगाम सुरू झाल्यावर कळलं. काहिलीखालच्या चुलवाणातला एक निखारा केरबाच्या बधिर झालेल्या पावलावर पडला आणि त्याला समजलंच नाही. करपल्याचा वास शेजारच्या माणसाला आला, तेव्हा पळापळ झाली.

वैद्यांनी जखम बांधली आणि म्हणाले, "केरबा, औषध मी देतोय, ते घे. पण अंगावरचं हे ओझं उतरलं नाही, तर पुढच्या हंगामाला तू चुलवाणापुढे नसशील. पाय साथ देणार नाहीत."

घरी उंबऱ्यापाशी आल्यावर केरबा एकदम म्हणाला, "वजन उतरवायचे सगळे उपाय करून बसलोय मी. लिंबूपाणी झालं. कारल्याचा रस झाला. मावशीनं सांगितलं म्हणून पोटाला ओला पंचा बांधून झोपलो, तर सर्दी तेवढी झाली. सगळ्या थापा आहेत."

"असतील," हौसा म्हणाली. "पंधरा दिवस माझ्यासाठी करा. मग थापा म्हणा."

वैद्यांनी सांगितलं तसं तिने सुरू केलं. एकच भाकरी, ताटभर भाजी, पातळ ताक, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून नदीपर्यंत चालायचं. पंधरा दिवसांनी केरबा गुऱ्हाळाच्या काट्यावर बसला. तीन ढेपा, नऊ भेल्या. गेल्या सालच्या तेवढ्याच गुळाला काटा सरळ झाला.

"बघ," केरबा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "माझं अंगच असं आहे. उगाच माझ्यामागे तुझे हाल नकोत."

हौसाला आधी राग आला, मग रडू आलं. दोन्ही आवरून तिने विचार केला. नवरा खोटं बोलत नव्हता. ताटात वाढलेलंच तो खात होता. मग तिला आपलाच हात आठवला. त्याचा उतरलेला चेहरा पाहवत नाही म्हणून रोज त्या एका भाकरीखाली लपवून ती चमचाभर तूप घालत होती. ताकातही साईचं दही घुसळत होती. म्हणजे निम्मी थाप तर घरातच होती!

निम्मी इथे असेल, तर उरलेली कुठे, ते बघायला दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन गुऱ्हाळावर गेली आणि तिथेच बसली. काहील उकळायला लागली. केरबाने थोडा पाक उचलून गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली, दगडावर आपटून आवाज ऐकला आणि गोळी तोंडात टाकली. थोड्या वेळाने पुन्हा पाक, पुन्हा पाणी, पुन्हा गोळी, पुन्हा तोंड. पारख बोटांनी आणि कानांनी होत होती. तोंडाचा त्यात काही संबंधच नव्हता. झालेली गोळी ठेवायची कुठे, एवढ्याचसाठी ती तिथे जात होती. त्याच्या वडिलांचंही असंच होतं म्हणे, आणि आजोबांचंही.

आसपास दहा गडी होते. 'अहो, हे काय चाललंय?' एवढं म्हणायचा अवकाश, सगळं गुऱ्हाळ हसलं असतं. हौसाच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण माणसाला त्याच्या कामाच्या जागी खाली मान घालायला लावून घरी काय न्यायचं?

ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "अहो, मला शिकायचंय, कच्ची गोळी कुठली आणि पक्की कुठली. सगळ्या या वाटीत ठेवाल?"

केरबा खूष झाला. दिवसभर तो गोळ्या वाटीत टाकत गेला आणि बायकोला समजावत गेला. हात दोन-तीनदा सवयीने तोंडाकडे वळला, पण वाटी मध्ये आली.

दिवस मावळायला आला तेव्हा वाटी भरून वर शीग आली होती. नदीकडे चालताना हौसाने ती पदराखालून काढली.

"एक कबूल करायचंय," ती म्हणाली. "तुमच्या भाकरीला मी रोज लपवून तूप लावत होते. उपाय खोटा पडला, त्यात माझा हात आहे."

केरबा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे.

"हे एका दिवसाचं?"

"एका दिवसाचं."

"म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवायला आली होतीस?"

"शिकायला आले होते. आणि एवढं होत असेल, असं मलाही वाटलं नव्हतं."

केरबाचा पारा चढला, मग उतरला, आणि मग त्याला हसू फुटलं. "तुझं चमचाभर, माझं वाटीभर. आणि शिव्या खाल्ल्या त्या बिचाऱ्या कारल्यानं!"

त्या दिवसापासून भाकरीखाली तूप राहिलं नाही आणि काहिलीशेजारी रोज एक वाटी राहिली. वजन काही धावत सुटलं नाही. एखाद्या पंधरवड्यात एक भेली उतरे, एखाद्यात काहीच नाही. मग केरबा चिडे. हौसा त्याला काही समजवायला जात नसे. वहाणा घालून दारात उभी राहायची, एवढंच. आजारही कुठे गेला नाही. औषध चालू राहिलं. पण पावलाची जखम भरून आली.

हंगाम संपला. देवीच्या दिवशी सगळं गाव गुऱ्हाळावर जमलं. मालक आबांनी गेल्या सालच्या हिशेबाने गूळ मांडूनच ठेवला होता. केरबा पारड्यात बसला. तीन ढेपा चढल्या, वर एक भेली ठेवली आणि काटा सरळ झाला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "केरबा, गड्या, देवीचा प्रसाद कमी केलास की रे! या आठ भेल्या उरल्या. यांचं काय करू?"

केरबा पारड्यातून उठला. एकटा, कोणाच्या हाताशिवाय. गर्दीत मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या हिच्या. माझं तेवढं ओझं हिनं उचललंय."

सगळ्या गावाने मागे वळून पाहिलं. हौसाने पदर सारखा केला. डोळे भरून आले होते, तरी ती म्हणाली, "मला नकोत, आबा. घरात नेल्या तर हेच खातील. वाटून टाका."

गुऱ्हाळ हसलं, आणि सगळ्यात मोठ्याने केरबा. प्रसाद तर त्या वर्षीही तेवढाच वाटला गेला. आणि पुढच्या हंगामाला चुलवाणापुढे केरबाच उभा राहिला, शेजारी वाटी ठेवून.

तात्पर्य: आजारी जोडीदाराची चूक चारचौघांत दाखवू नये. आधी आपली कबूल करावी, मग त्याच्या शेजारी उभं राहावं. म्हणजे त्याची त्याला दिसते, आणि उपायावरचा विश्वासही परत येतो.