विसाजीच्या चाळीस याद्या

रुमाल चाळीस होते की बेचाळीस, हे आता मला खात्रीने सांगवत नाही. चाळीस धरून चला. शिरवली संस्थानच्या दप्तरात कागदांचे एवढे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते आणि विसाजी दप्तरदाराने प्रत्येक रुमालाला त्यातल्या कागदांची छोटी यादी जोडली होती.

नवे दिवाण राघोपंत यांना ते पोरकट वाटले. त्यांनी सगळ्या कागदांच्या नोंदींची मिळून एकच जाडजूड तारीखवार वही केली आणि भर दरबारात म्हणाले, "विसाजी, चाळीस याद्या चाळण्यात तुझा जन्म जाईल. आज महाराज सांगतील तो कागद मला आधी सापडला, तर किल्ल्या ठेव आणि घरी जा."

महाराजांनी कागद सांगितला: पिंपळवाडीच्या विहिरीची सनद.

दिवाण पानामागून पान उलटू लागले. विसाजीने रुमालांना जोडलेल्या याद्या सोडवून घेतल्या. मग त्याने गंमत बघायला जमलेल्या मानकऱ्यांकडे पाहिले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक यादी दिली.

"आपापली तेवढी वाचा, मंडळी. विहीर दिसेल त्याने हात वर करावा."

तोंडातला विडा चघळून होण्याआधीच मागच्या रांगेत एक हात वर झाला.

"ही लबाडी आहे," दिवाण म्हणाले. "तू सगळा दरबार कामाला लावलास."

"आपणही लावा ना, दिवाणसाहेब," विसाजी म्हणाला. "फक्त त्या एका वहीवर चाळीस डोकी कशी वाकवायची, तेवढं सांगा."

महाराजांना हसताना पगडी सावरावी लागली. किल्ल्या विसाजीकडेच राहिल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते दप्तर पाहण्याचा योग आला. नंतरच्या रुमालांच्या याद्यांवरचे अक्षर मी त्या जाडजूड वहीशी दोनदा ताडून पाहिले. ते राघोपंतांचेच आहे.