खेकड्याची खूण

एका रानातल्या ओढ्याकाठी एक खेकडा राहत असे, आणि तो त्या रानाच्या क्रिकेट संघाचा फिरकी गोलंदाज होता. हसू नका! जन्मापासून जो तिरका चालतो, त्याने टाकलेला चेंडू तिरका वळला तर त्यात नवल ते काय? चेंडू वाळलेल्या बेलफळाचा असे. एवढासा खेकडा एवढे मोठे बेलफळ कसे टाकत असेल, असे मला विचारू नका. त्याच्या नांगीत सापडलेली वस्तू सहसा सुटत नसे आणि सुटली की सरळ जात नसे, एवढेच मला ठाऊक आहे.

त्याच ओढ्यात एक बेडूक राहत असे. दिवसभर उकिडवे बसण्याची त्याला उपजतच सवय, म्हणून तो यष्टिरक्षक झाला. दोघे लहानपणापासूनचे सवंगडी. खेकड्याचा चेंडू टप्पा पडला की बेडकाच्या डाव्या हाताला वळे. पण अधूनमधून तो असा एक चेंडू टाकी, की नांगी फिरे नेहमीसारखीच आणि चेंडू मात्र वळे उजवीकडे! फलंदाज पुढे सरसावून बॅट फिरवी, हवेला तडाखा देई, आणि तो मागे वळायच्या आत बेडूक यष्ट्या उडवून मोकळा होई. मग सारे रान खेकड्याला डोक्यावर घेऊन नाचत असे. बेडकाला कोणी डोक्यावर घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

बेडकाला तो उलटा चेंडू कसा कळे, ते सांगतो. रेडे, अस्वले असले धिप्पाड फलंदाज समोर उभे राहिले की मागे बसलेल्या बेडकाला टप्पा पडलेला चेंडू दिसतच नसे. त्यांच्या दोन पायांआड सगळे जगच झाकून जाई. म्हणून उलटा चेंडू टाकायचा असला की खेकडा धावत येताना आपला उजवा डोळा हळूच उंच करी. डोळा वर, तर बेडूक उजवीकडे. डोळा खाली, तर बेडूक डावीकडे. ही खूण त्या दोघांनी ओढ्यातल्या चिखलात, शेवाळाचे गोळे फेकता फेकता ठरवलेली होती.

त्या वर्षी सात रानांचा मिळून एक मोठा संघ निवडायचा होता. त्या संघात जायचे, हे खेकड्याचे एकच स्वप्न. त्याचा बाप, आजा, पणजा सगळे ओढ्यातल्या दगडाखाली जन्मले आणि दगडाखालीच संपले. आपण तरी दगडाबाहेर पडावे, असे त्याला मनापासून वाटे. संघ निवडणारा म्हातारा वानर अंतिम सामना पाहायला येणार, अशी बातमी आली आणि खेकड्याची झोप उडाली.

नेमका तेव्हाच तिथे कावळा आला. हा कावळा झाडावर बसून सामन्यांचे वर्णन करीत असे, आणि सामना नसला की कोणाच्या तरी कानाशी लागत असे.

"काय गोलंदाज, उद्या निवड होणार म्हणे?" कावळा म्हणाला.

"बघू या. माझा उलटा चेंडू अजून कोणाला कळलेला नाही," खेकडा म्हणाला.

"कोणालाच नाही? बेडकाला तर बरोबर कळतो! लोक काय म्हणतात, ठाऊक आहे? म्हणतात, एका बेडकाला कळणारा चेंडू तो काय मोठा! मला काय त्याचे, मी आपले कानावर आले ते सांगितले." आणि कावळा उडून गेला.

एवढेच. बोलून चालून कावळ्याचे बोलणे! पण ते खेकड्याच्या मनात रुतून बसले. रात्रभर तो दगडाखाली स्वतःशी पुटपुटत राहिला, "उद्या माझा चेंडू कोणालाही कळणार नाही. कोणालाही नाही!"

सामना रंगला. शेवटचे षटक आले तेव्हा समोरच्या डोंगरावरच्या संघाला जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि त्यांचा एकच गडी उरला होता. तो गडी म्हणजे एक दांडगे अस्वल. रानाचा कर्णधार कासव हळूहळू चालत आला आणि त्याने बेलफळ खेकड्याच्या नांगीत दिले. "दादा, बघतच राहा तुम्ही," खेकडा म्हणाला.

बेडूक यष्ट्यांमागे बसला. अस्वलाच्या पायाआडून मान काढून त्याने खेकड्याचा डोळा पाहिला. डोळा खाली होता. बेडूक निश्चिंतपणे डावीकडे सरकला.

आणि खेकड्याने उलटा चेंडू टाकला.

काय चेंडू होता तो! असा चेंडू त्या रानाने आधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. अस्वल लांब पुढे आले, बॅट फिरली, चेंडू उलटा वळला आणि निसटला. अस्वल तोंड उघडे टाकून मधोमध उभे! सारे रान उठून उभे राहिले. ससे ओरडले, "यष्टिचीत!" मोरांनी पिसारे उघडले. आता फक्त बेडकाने चेंडू पकडायचा आणि यष्ट्या उडवायच्या, की संपले.

पण बेडूक डावीकडे होता. चेंडू उजवीकडून गेला. बेडकाने अंग फेकले, त्याचे बोट चेंडूला लागलेसुद्धा, पण तेवढ्याने काय होते? बेलफळ घरंगळत घरंगळत सीमेपार गेले. चार धावा! सामना गेला!

चकलेला फलंदाज जिंकला आणि चकवणारा गोलंदाज हरला. मुलांनो, मला स्वतःला हे ऐकताना धक्का बसला होता. पण खरा धक्का पुढेच आहे.

"फुटक्या हाताचा बेडूक!" कोल्हा ओरडला. "हाकला त्याला!" रानडुकरे ओरडली. चिखलाचे गोळे बेडकाच्या अंगावर येऊ लागले. बेडूक धुळीत तसाच बसून खेकड्याकडे पाहत होता. आणि खेकडा? तो गप्प उभा होता. एक शब्द, फक्त एक शब्द बोलला असता, तर तो चिखल थांबला असता. पण वानर झाडावरून उतरताना दिसत होता, आणि खेकड्याचे सगळे लक्ष त्याच्याकडे लागले होते. शरम वाटते हे सांगताना.

वानर सरळ खेकड्यापाशी आला. "चेंडू फार सुंदर होता, बाळा," तो म्हणाला. खेकड्याची छाती फुगली. "पण डोळा का नाही उचललास?"

खेकडा दचकला. "डोळा? कसला डोळा?"

"मी गेले तीन सामने गुपचूप त्या वडावरून तुम्हा दोघांनाच बघतोय. दर वेळी तो डोळा वर जायचा. आज खाली का राहिला?"

सारे रान कान टवकारून ऐकू लागले. चिखल फेकणारे हात जिथल्या तिथे थांबले. खेकडा कसाबसा म्हणाला, "मला वाटलं... माझा चेंडू कोणालाच कळू नये."

"फलंदाजांना न कळणारे गोलंदाज मी पुष्कळ बघितले," वानर म्हणाला. "मी आलो होतो तुमची जोडी न्यायला. आता जोडी कुठे राहिली? पण डोळ्यावर भरवसा ठेवून, न दिसणारा चेंडू झेलणारा यष्टिरक्षक मला सात रानांत दुसरा सापडायचा नाही. बेडका, येतोस?"

बेडकाने अंगावरचा चिखल झटकला. जाण्याआधी तो खेकड्यापाशी आला. तो भांडेल, निदान दोन शब्द सुनावेल, असे सगळ्यांना वाटले. पण तो हळू आवाजात एवढेच म्हणाला, "अरे, तुझा डोळा खाली होता ना, म्हणून मी डावीकडे गेलो." आणि तो वानराबरोबर निघून गेला.

पुढच्या वर्षी खेकडा पुन्हा गोलंदाजीला उभा राहिला. चेंडू अजूनही तसाच वळत होता. यष्ट्यांमागे आता एक ससा होता. खेकड्याने त्याला खूण नीट समजावून सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली. उलटा चेंडू टाकताना तो डोळा इतका उंच करी, की लांबच्या झाडावरल्या पाखरांनाही दिसावा. पण ससा आपला लांब, पार मागे जाऊन उभा राही आणि जागचा हलत नसे.

"अरे, जवळ ये! डोळा वर आहे बघ, उजवीकडे सरक!" खेकडा काकुळतीने ओरडे.

"नको रे बाबा," ससा तिथूनच म्हणे. "तुझा डोळा खरा की खोटा, मला काय ठाऊक? बेडकाचं काय झालं, ते पाहिलंय मी."

तात्पर्य : समोरच्या गड्याला चकवणे ही कला आहे, पण आपल्या पाठीशी उभ्या असलेल्याला जो चकवतो, त्याच्या खऱ्या खुणेवरही मग कोणी विश्वास ठेवत नाही.