उंबरठ्यावरचा भात

फार मागची गोष्ट, निवळीला गढी नव्हती तेव्हाची. नदीच्या वरच्या अंगाला निवळी, खालच्या अंगाला आसगाव. निवळीचे देशमुख पाणी अडवत, आसगावचे देशमुख बांध फोडत. सात वर्षं हेच चाललं. शेवटी म्हाताऱ्यांनी सोयरीक ठरवली. आसगावची भिवरा निवळीच्या रायाजीला द्यायची आणि वैर संपवायचं.

भिवराला कुणी विचारलं नव्हतं. तिचे दोन भाऊ त्या बांधावर मारले गेले होते, धाकटा उरला होता. तो उरावा, एवढंच तिला हवं होतं.

लग्न लागलं, वरात निवळीला आली. दारात सासूनं तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. नवरीनं उजव्या पायानं ते लवंडायचं आणि घरात यायचं. भिवरानं पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तांदूळ तांबडा होता. तसा दाणा आसगावच्या खाचरांतच पिकायचा. गेल्या सुगीत निवळीकरांनी तो खळ्यावरून लुटून नेला होता. सासूनं मुद्दाम केलं नव्हतं. घरात त्यातल्या त्यात चांगला म्हणून तोच उरला होता.

नणंद हसली. "काय वहिनी, माप ओलांडायचंय की दाणे मोजायचेत?"

मागे धाकट्याचा हात तलवारीवर गेला. त्यानंही दाणा ओळखला होता. माप लवंडलं तर माहेरच्या अन्नाला लाथ, मागे फिरलं तर दोन्ही गावं पेटणार.

भिवरा शालूसकट उंबरठ्यावर बसली. माप तिनं मांडीवर घेतलं.

"आत्याबाई, हा आसगावचा तांदूळ."

सासूचा चेहरा उतरला. "चुकलं गं पोरी. पण मुहूर्त टळतोय."

"टळू द्या. इथंच चूल मांडा. दोन्ही गावं एका पंगतीला जेवली की मी आत येते."

"मापभर तांदळात दोन गावं?" नणंद म्हणाली. "तुमच्या माहेरी काय चिमण्या जेवतात?"

रायाजी घागर उचलून नदीवर गेला आणि पाणी घेऊन आला. असं म्हणतात, देशमुखाच्या मुलानं पाणी भरलेलं निवळीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भात शिजला. भिवरा वाढत राहिली आणि हंड्याला तळ दिसेना, असं म्हणतात. कुणी सांगतं तीनशे पानं उठली, कुणी सातशे. आसगावकर नेहमी जास्तच सांगतात. शेवटच्या पंगतीला धाकटा बसला. तलवार त्यानं पाठीमागे ठेवली, घास घेतला आणि म्हणाला, "ताई, मीठ कमी आहे."

भिवरा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग उठून घरात गेली.

तिच्या मुलाला दोन्ही गावांनी एकच पागोटं बांधलं. त्याचा वंश उंबरे राजे म्हणून ओळखला गेला. त्या उंबरठ्याभोवती त्यांनी गढी बांधली आणि अकरा पिढ्या राज्य केलं. शेवटच्या राजाला साहेबानं गादीवरून उतरवलं. दोन पेट्या घेऊन तो बैलगाडीतून गेला, तेव्हा बायाबापड्या वेशीपर्यंत रडत गेल्या. आता गढीच्या तटावर पिंपळ वाढलेत.

पण या दोन गावांत अजून कुठलीही नवरी माप लवंडत नाही. ते तांदूळ दारातच शिजवतात. भिवराआऊच्या नावानं पहिलं पान मांडतात आणि त्यावर समोरच्या गावचा माणूस बसवतात. त्याचं जेवण होईपर्यंत नवरी बाहेरच थांबते. त्याला घाई करायची नाही, असा रिवाज आहे.